घाट उतरून गुहागरला: एका दिवसाची सहल आणि जोडलेली माणसे

साताऱ्याहून समुद्र दिसत नसला, तरी त्याच्याकडे जाणारी एक वाट आपल्याच जिल्ह्यातल्या पाण्याने आखून ठेवली आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून वाहत दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला जाते. त्याच कोयनेचे धरणाखाली सोडलेले पाणी मात्र कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीवरून पूर्वेला, बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. हा लेख पहिल्या पाण्याच्या वाटेने जाणारा आहे: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर तालुक्याचा किनारा.

गेली काही वर्षे मी दर हिवाळ्यात निदान एकदा या वाटेने जाऊन त्याच रात्री घरी परतते. पहिल्या खेपेला आम्ही एका दिवसात सात ठिकाणे पाहिली होती. परत आल्यावर त्यांतली चार कोणती, हे छायाचित्रे पाहूनही नीट सांगता येईना. आता मी तीनच ठिकाणे करते: बुधल, हेदवी आणि गुहागर. मधल्या वेळात किनाऱ्यावरच्या माणसांशी बोलणे होते, आणि त्या बोलण्यातूनच माझी तिथली दोन घरे झाली आहेत. त्यामुळे प्रवासाची आखणी आणि माणसांशी जडणारे नाते हे दोन विषय मला वेगळे करता येत नाहीत. गाडी किती वाजता निघते यावर तुम्ही कोणापाशी किती वेळ बसू शकाल हे ठरते, आणि बसायला वेळ नसेल तर ओळख होत नाही.

दिवस निवडताना: महिना आणि तिथी

या सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दाट धुके असते आणि दरडीचा धोका असतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात एका दिवसाची धावती सहल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या असतात आणि बंदरे शांत असतात. एप्रिल-मे महिन्यांत हापूस, काजूगर आणि फणस मिळतात खरे, परंतु उकाडा आणि गर्दी दोन्ही सोसावे लागतात, आणि गावातल्या माणसांना त्या दिवसांत बोलायला उसंत नसते. फाल्गुनात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, तो सोहळा पाहण्यासारखा आहे. मात्र कोणी बोलावले असेल तर जावे आणि पाहुण्याच्या मर्यादेने वागावे.

महिना ठरला की तिथी पाहावी. घाटावरची बहुतेक मंडळी रविवार पाहून निघतात आणि भरती-ओहोटीचा विचार समुद्रासमोर उभे राहिल्यावर करतात. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे, तो शिकायला एक मिनिट लागते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, त्या वाजेच्या सुमाराला पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्हींसाठी पंधरा धरावेत, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे या हिशेबात आपोआप येते. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर पडताळून घ्यावी. पण घरी दिनदर्शिकेसमोर उभे राहून दिवस निवडायला हा हिशेब पुरेसा आहे.

आपल्या आखणीसाठी चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस सर्वांत सोयीचे. या दिवसांत साडेदहा ते दीडच्या दरम्यान भरती असते, त्यामुळे हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकातली चीर, भर दुपारी जोरात उसळताना दिसते आणि चारनंतर पाणी मागे हटून गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, चालायला मोकळी होते. अष्टमीच्या आसपास गेलात तर उलटे होते: दुपारी घळीत पाणी नसते आणि संध्याकाळी चालायला वाळू उरत नाही. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाण म्हणतात आणि त्या पाण्याला जोर अधिक असतो; अष्टमीच्या सुमाराच्या भरतीला भांग म्हणतात आणि ती सौम्य असते. सोबत लहान मुले असतील आणि त्यांना फक्त पाण्यात पाय बुडवायचे असतील, तर घळीचा मोह सोडून भांगाचा दिवस निवडलेला बरा.

आदल्या दिवशीची तयारी

तीन गोष्टी आदल्या दिवशी व्हायलाच हव्यात. पहिली, जेवणाचा फोन. हेदवी-वेळणेश्वर भागात घरगुती खानावळी आहेत, पण तिथे माणशी मोजून स्वयंपाक होतो. दुपारी एक वाजता सहा जणांनी अवचित जाऊन उभे राहिल्यास एक तर नकार मिळतो किंवा घरच्यांच्या ताटातले आपल्याला वाढले जाते. किती माणसे, शाकाहारी किती आणि मासे खाणारे किती, कोणी तिखट खात नाही का, हे आदल्या संध्याकाळी सांगावे. दुसरी, सुट्टे पैसे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे केवळ फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: डिकीत घाटावरचे काहीतरी ठेवावे. कोकणात भात आणि नाचणी पिकते, ज्वारी पिकत नाही. म्हणून ताज्या दळलेल्या ज्वारीच्या पिठाचे तिथे मोल आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, कराड-पाटणकडचा गूळ, भुईमुगाच्या शेंगा आणि साताऱ्याचे कंदी पेढे यांतले दोन-तीन जिन्नस पुरेत. सांगलीकरांनी हळद आणि बेदाणे न्यावेत. एके काळी याच घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येत असे आणि धान्य, गूळ, मिरची खाली जात असे. पिशवी रिकामी नेऊ नये, ही रीत दोन्हीकडच्या जुन्या माणसांना अजून ठाऊक आहे. या वस्तू कोणाला द्यायच्या, हे आधी ठरवू नये. ते दिवसाच्या ओघात ठरते.

पहाटेचा प्रवास

सातारा ते गुहागर अंतर साधारण १७० किलोमीटर आहे आणि वाटेत एकदा चहा घेऊन साडेचार ते पाच तास लागतात. पहाटे साडेचारला सातारा सोडावा. महामार्गाने उंब्रजपर्यंत जाऊन तिथून पाटणच्या रस्त्याला वळावे. सांगलीहून येणाऱ्यांनी ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर)-पेठमार्गे कराड गाठून पुढे हाच रस्ता धरावा, आणि त्यांनी आणखी तासभर आधी निघावे. कोयनानगरजवळ उजाडते, हेळवाकवरून घाटमाथ्यावर आलो की समोरचा मुलूख एकदम खाली गेलेला दिसतो. तिथे दहा मिनिटे थांबावे. माकडांना खायला देऊ नये आणि गाडीच्या काचा बंद ठेवाव्यात.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकवर पाय दाबून उतरल्यास ते तापतात. अवजड वाहने बरीच असतात आणि वळणावर त्यांना पूर्ण रस्ता लागतो, म्हणून वर येणाऱ्या ट्रकला आधी जाऊ द्यावे. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघताना पोटभर खाऊ नये; आले-लिंबू जवळ ठेवावे. नाश्ता चिपळूणला करावा आणि इंधनही तिथेच भरून घ्यावे. पुढे मार्गताम्हाणे आणि शृंगारतळी ही गावे लागतात. काही खरेदी राहिली असेल तर शृंगारतळीची बाजारपेठ मोठी आहे.

एसटीने जाणाऱ्यांसाठी थोडे. साताऱ्याहून आणि कराडहून चिपळूणला गाड्या आहेत आणि चिपळूणहून गुहागरला. महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे खर्च फारच कमी येतो. पण एका दिवसात परतायचे झाले तर हातात दोन-तीन तासच राहतात. अशा वेळी हेदवी आणि बुधल दोन्ही सोडून द्यावे आणि केवळ गुहागर करावे, कारण किनारा स्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. एसटीचा एक फायदा गाडीवाल्यांना मिळत नाही: शेजारच्या बाकावर तिथलेच कोणीतरी बसलेले असते. माझी गुहागरमधली एक मैत्रीण मला मार्गताम्हाण्याच्या पुढे अशीच भेटली. तिच्या मांडीवर आंब्याच्या कलमाची पिशवी होती, ती मी माझ्याकडे घेतली आणि उतरेपर्यंत आम्ही कलम कसे बांधतात यावरच बोलत होतो.

बुधल: रंगांचे गाव

गुहागरहून दक्षिणेला पालशेत लागते, पुढे अडूर, आणि अडूरवरून खाली उतरले की बुधल. हे मच्छीमारांचे लहानसे गाव आहे. डोंगराच्या उतारावर घरे एकमेकांना खेटून उभी आहेत; एकाची भिंत निळी, शेजारची पिवळी, त्यावरची गुलाबी, आणि खाली वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांवर लाल, हिरव्या, पांढऱ्या पट्ट्यांची रंगत. होडीचा रंग शोभेसाठी असतोच, पण खाऱ्या पाण्यापासून लाकूड राखण्यासाठी दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. नवा रंग दिलेल्या होडीला हात लावण्याआधी विचारावे.

इथे साडेनऊच्या सुमाराला पोहोचून निदान दीड तास द्यावा. गाडी वर रस्त्याच्या कडेला, कोणाचे अंगण किंवा जाळी वाळवण्याची जागा अडणार नाही अशी लावावी आणि पायी उतरावे. गाडी वाळूवर नेऊ नये, हे मी अनुभवाने सांगते आहे. या तालुक्यातल्याच एका किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी मी वाळू टणक दिसते म्हणून गाडी खाली घेतली. वीस पावलांवर पुढची चाके रुतली. मी घाबरून गाडी जोरात रेटली, तसतशी ती आणखी खोल गेली, आणि भरतीचे पाणी चढू लागले होते. जाळे विणत बसलेले एक वयस्क नाखवा, म्हणजे होडीचे तांडेल, उठून आले. त्यांनी मला आधी गाडी बंद करायला सांगितले, मग चाकांतली हवा निम्म्याने कमी केली. दोन मुलांनी हातांनीच चाकांपुढची वाळू उपसली, कोणीतरी झावळ्या आणून चाकांखाली पसरल्या, आणि आठ जणांनी होडीचा दोर बांधून गाडी ओढली. दोर ताणला गेला तेव्हा त्यातून पाणी पिळून निघत होते, इतका तो ओला आणि जड होता. मी काही समजावून सांगू लागले तर ते एवढेच म्हणाले, "ताई, पाणी चढतंय. बोलणं मागून करू."

बोलणे खरोखरच मागून झाले. मी पैसे काढले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. नाखवांच्या घरच्या काकूंनी पडवीत बसवून चहा दिला. त्या दिवशी माझ्याकडे देण्यासारखे काहीच नव्हते, आणि डिकीत ज्वारीचे पीठ ठेवण्याची सवय तेव्हापासूनची आहे. तिथीच्या पाऊणपटीचा हिशेबही नाखवाकाकांनीच त्या पडवीत बोटांवर मोजून शिकवला.

ओळख कशी सुरू करावी

संकटातून झालेली ओळख नशिबाची. एरवी ती सावकाश करावी लागते, आणि तिच्या काही रीती आहेत.

पहिला प्रश्न कामाबद्दल विचारावा. "हे जाळं कोणत्या माशासाठी?" किंवा "आज वारा कुठला आहे?" असे विचारले की समोरचा माणूस आपल्या कामातला जाणकार म्हणून बोलतो. "पापलेट कितीला?" या प्रश्नाने आपण गिऱ्हाईक होतो आणि संवाद भावापाशी संपतो. वयस्क पुरुषांना काका, प्रौढ बायकांना मावशी किंवा काकू, बरोबरीच्यांना दादा-ताई म्हणावे आणि सर्वांना अहो-जाहोच करावे. आपण साताऱ्याचे किंवा सांगलीचे आहोत हे सांगितले की बहुतेक वेळा कोणीतरी निघतेच: कोणाचा भाऊ कराडला नोकरीला होता, कोणाची मुलगी साताऱ्यात शिकली, कोणी महाबळेश्वरला हॉटेलात काम केले. त्या धाग्यावर बोलणे पुढे जाते.

माणसांचे छायाचित्र घेण्याआधी परवानगी मागावी. मासे निवडत बसलेल्या बाईसमोर अचानक कॅमेरा धरणे हा तिचा अवमान आहे; ती त्या वेळी कामाच्या कपड्यांत, हात भरलेले अशी असते. "मावशी, एक फोटो घेऊ का, पुढच्या वेळी छापून आणीन" असे म्हटले आणि नंतर तो खरोखर छापून नेला, तर तुम्हाला कोणी विसरत नाही. मुलांच्या हातात पैसे किंवा चॉकलेटे देऊ नयेत. त्यामुळे मुलांना पर्यटकांच्या मागे धावण्याची सवय लागते आणि त्यांच्या आई-वडिलांना ते आवडत नाही.

कोणी हाताशी काम दिले तर ते करावे. मी एकदा अर्धा तास सुकवायला टांगलेले बोंबील उलटत बसले होते. दांडीवर टांगलेल्या बोंबलाला हात लावताना त्याचा कणा मोडणार नाही असे धरावे लागते, हे तेव्हा कळले. त्या अर्ध्या तासात जेवढे बोलणे झाले, तेवढे चहाच्या टपरीवर दिवसभर बसूनही झाले नसते.

हेदवी: भरतीची वेळ साधताना

अकराच्या सुमाराला बुधल सोडून वेळणेश्वरमार्गे हेदवीला जावे. हेदवीचे दशभुजा लक्ष्मी-गणेशाचे मंदिर आणि त्यातली संगमरवरी मूर्ती पाहून किनाऱ्याकडे उतरावे. उमा-महेश्वराच्या मंदिराजवळ खडकात एक अरुंद, खोल चीर आहे, तीच बामणघळ. भरतीच्या लाटा त्या चिरेत शिरतात, आत कोंडतात आणि पांढऱ्या फेसाचा स्तंभ होऊन वर उसळतात. लाट आत शिरताना आधी एक खोल, पोकळ आवाज येतो आणि मग पाणी वर येते; दोन्हींमधला तो क्षणभराचा अवधी मला दर वेळी थांबवून ठेवतो.

घळीच्या काठावर जाऊ नये. खडकांवर शेवाळ असते, उधाणाच्या दिवशी लाटेचा अंदाज येत नाही, आणि पाच साध्या लाटांनंतर सहावी मोठी येऊ शकते. ओला खडक जिथे संपतो, त्याच्या बऱ्याच मागे कोरड्या जागी उभे राहावे आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. गावातल्या कोणी "मागे या" म्हटले तर कारण न विचारता मागे यावे.

दुपारचे जेवण इथे किंवा वेळणेश्वरला करावे. आधी सांगून ठेवले असल्यास ताज्या मासळीचे ताट, सोलकढी आणि भात मिळतो. शाकाहारी मंडळींनी कुळथाचे पिठले, फणसाच्या दिवसांत फणसाची भाजी, आणि उकडीचे मोदक जरूर सांगावेत. जेवणाचे पैसे सांगितले असतील तेवढे पूर्ण द्यावेत. घरगुती जेवणात घासाघीस करू नये. जेवणानंतर पडवीत अर्धा तास बसायची मुभा विचारावी. हा वेळ अनेक जण वाया गेला असे मानून उठतात. माझ्या मते दिवसातला हाच सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे. घरच्या काकूंचे काम आवरलेले असते, त्या सुपारी कातरत बसतात आणि मग त्या आपल्याला प्रश्न विचारू लागतात. घेवड्याची पुडी द्यायची ती इथे.

गुहागर: ओहोटीची संध्याकाळ

साडेतीनपर्यंत गुहागरला परतावे. व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत. मंदिर गावाच्या मध्यातच आहे. उफराट्या गणपतीची कथाही ऐकण्यासारखी आहे: समुद्र गावावर चालून येऊ लागला, तेव्हा गणपतीने पूर्वेकडचे तोंड पश्चिमेला फिरवले आणि समुद्राला मागे हटवले, असे गावात सांगतात. दर्शन आटोपून नारळी-पोफळीच्या आगरांमधल्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, किनाऱ्याकडे चालत जावे. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असतात आणि आगरात शिंपलेल्या पाण्याचा गारवा असतो. आगरे खाजगी मालकीची आहेत, त्यांत परवानगीशिवाय शिरू नये आणि खाली पडलेली सुपारीही उचलू नये. ते घराचे उत्पन्न आहे.

गुहागरची पुळण काही किलोमीटर सलग पसरलेली आहे आणि मागे सुरूचे बन आहे. ओहोटीला ओल्या वाळूवर अनवाणी चालता येते. पोहण्याचा मोह मात्र ओहोटीला टाळावा, कारण मागे हटणारे पाणी माणसाला आत ओढते. नदीत पोहायला शिकलेल्यांना याची कल्पना नसते. पाण्यात उतरायचेच असेल तर गुडघ्यापर्यंत, आणि जिथे गावची माणसे उतरतात तिथेच.

मासळी घरी न्यायची असेल तर ती शेवटी घ्यावी. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि अंग दाबल्यावर परत वर येणारे असावे. थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा थर, त्यावर मासे, पुन्हा बर्फ अशी बांधून घेतल्यास रात्री साताऱ्यापर्यंत व्यवस्थित टिकते. एसटीने जाणाऱ्यांनी ओल्या मासळीच्या भानगडीत न पडता सोडे, जवळा किंवा सुके बांगडे घ्यावेत, आणि तेही दुहेरी पिशवीत घट्ट बांधून.

सव्वापाचला किनारा सोडावा. सूर्यास्त पाहूनच निघू, असे सर्वांना वाटते. पण पहाटे साडेचारपासून एकच माणूस गाडी चालवत असेल तर त्याने कुंभार्ली घाट शक्य तितका लवकर ओलांडावा, हे मी आग्रहाने सांगेन. सव्वापाचला निघाल्यास सव्वासातच्या सुमाराला घाट चढता येतो आणि दहापर्यंत घर येते. दोन चालक असतील तरच सूर्यास्तापर्यंत थांबावे.

ओळखीचे नाते होण्यासाठी

फोन नंबर निघताना घ्यावा आणि नावासोबत गाव आणि भेटीची खूण लिहून ठेवावी; नाहीतर महिन्याभराने फोनमध्ये नुसते एक नाव उरते. घरी पोहोचल्यावर, कितीही रात्र झाली असली, तरी "पोहोचलो" एवढा निरोप पाठवावा. घाट उतरून आलेला पाहुणा सुखरूप परतला का, याची तिकडे खरी काळजी असते. आठ दिवसांच्या आत छायाचित्रे छापून पाठवावीत. त्याहून उशीर झाला की ती राहूनच जातात.

दुसऱ्या खेपेला नव्या ठिकाणी जाण्याचा मोह होतो. तो आवरून पुन्हा त्याच गावी जावे, आणि त्याच घरी. पहिल्या भेटीत आपण पर्यटक असतो. दुसऱ्या भेटीत काकू आपल्या सुनेची ओळख करून देतात. तिसऱ्या भेटीत घरातल्या अडचणी कानावर येतात. मी अंजनवेलचा गोपाळगड आणि धोपावे-दाभोळची फेरीबोट अजून राखून ठेवली आहे. काकांनी त्या दोन्ही ठिकाणी स्वतः घेऊन जाण्याचे कबूल केले आहे.

एक चूक सांगते, ती टाळावी. नाखवांच्या घरच्या जेवणाचे मी इतके कौतुक केले की ओळखीच्या सहा कुटुंबांना त्यांचा नंबर देऊन बसले. मे महिन्यात ती कुटुंबे एकामागोमाग तिथे गेली, आणि माझे नाव पुढे असल्यामुळे काकूंना नाही म्हणता आले नाही. त्यांच्याकडे खानावळ नाही. ते राहते घर आहे. पुढच्या भेटीत मी त्यांची क्षमा मागितली. तेव्हापासून कोणी विचारले तर मी आधी काकूंना फोन करते, आणि बहुतेकांना खानावळींचीच नावे देते.

नाते एकतर्फी राहू नये, यासाठी त्यांनाही वर बोलवावे आणि बोलावणे तोंडदेखले नसावे. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुले येतात, सज्जनगड आहे, महाबळेश्वर आहे. पण कोकणातली माणसे प्रत्यक्षात घाट चढतात ती परीक्षा, मुलाखत किंवा इस्पितळाच्या कामासाठी. तेव्हा आपले घर उपयोगी पडावे. काकांची नात एका परीक्षेसाठी साताऱ्यात आमच्याकडे चार दिवस राहिली होती. तिला आमच्या भाकरीचा आकार पाहून नवल वाटले, आणि जाताना ती भाकरी थापायला शिकून गेली.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, आणि त्याच पावसात आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. मी दिवसभर काकांचा फोन लावत होते, तो लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचाच फोन आला. त्यांचे गाव सुखरूप होते. पाटणच्या दरडींची बातमी ऐकून तेही कालपासून आमचा नंबर लावत होते, आणि रेंज मिळावी म्हणून भर पावसात सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाथ्यावर, चढून आले होते. पहिला प्रश्न त्यांनी विचारला: "तुमच्याकडे सगळे घरात आहेत ना?"

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार आहोत. प्रतिपदा आहे, म्हणजे पाऊण वाजता भरती. ज्वारी दळायला टाकली आहे, आणि गेल्या वर्षीच्या फोटोंचे पाकीट डिकीत आधीच ठेवले आहे.